वेशीबाहेरचा फड : फिलिपिनो कादंबरी आणि मराठी ग्रामीणतेची मर्यादा

मराठी समीक्षेत ‘ग्रामीण साहित्य’ ही संज्ञा रुजली ती साधारणतः १९६० ते १९८० या दोन दशकांत. याच दोन दशकांत दक्षिण महाराष्ट्राच्या नदीखोऱ्यांत सहकारी साखर कारखानदारी स्थिरावली. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध आहे काय, हा प्रश्न मराठी समीक्षेने क्वचितच विचारला आहे. कारखान्याने खेड्याचे अर्थकारण बदलले, निवडणुकीचे गणित बदलले, लग्नातील देण्याघेण्याचे मान बदलले, हे समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी सांगितले. साहित्यसमीक्षेने त्यातून ‘बदलते खेडे’ हा शब्दप्रयोग उचलला आणि बहुधा तेवढ्यावरच समाधान मानले. बदलत्या खेड्याकडे पाहणारा कोण आहे, तो कोठे उभा राहून पाहतो आणि त्या जागेवरून त्याला कोण दिसत नाही, हा विचार मात्र मागे राहिला.

कोल्हापूर परिसरात हा प्रश्न अमूर्त राहत नाही. पंचगंगा, भोगावती, वारणा, दूधगंगा, वेदगंगा यांच्या काठांवर दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या दुष्काळी भागांतून टोळ्या उतरतात. गावाबाहेर, कारखान्याच्या तळावर किंवा मोकळ्या रानात, कोप्या उभ्या राहतात. नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि एकट्याला ‘अर्धा कोयता’. माणसाची मोजदाद हत्याराने करणारी ही परिभाषा कोणा लेखकाने रचलेली नाही, ती मुकादमाच्या वहीतली आहे. पावसाळ्यापूर्वी वा पावसाळ्यात घेतलेली उचल हंगामभर फेडायची, एक दिवस चुकला तर खाडा भरायचा, वाढे विकून मीठमिरचीची सोय पाहायची आणि उन्हाळ्यात पट्टा पडला की परत जायचे. पुष्कळदा उचल फिटत नाही. ती पुढच्या हंगामावर चढते. म्हणजे वर्षातील पाच-सहा महिने या परिसरातील गावांच्या शिवारात हजारो माणसे राहतात, काम करतात, तेथे त्यांची मुले जन्मतात. परंतु ज्या साहित्याने या गावांचा कानाकोपरा धुंडाळला, त्या साहित्यात त्यांची भेट फार थोडी होते.

ही उणीव अमुक एका लेखकाच्या संवेदनशीलतेची नव्हे. ती ‘ग्रामीण’ या संकल्पनेच्या घडणीतच आहे, असे दिसते. ही घडण समजून घेण्यासाठी रशियन किंवा फ्रेंच कादंबरीचा दाखला फारसा उपयोगी पडणार नाही. (मराठी तौलनिक समीक्षेचा प्रवास बहुधा पश्चिमेकडेच होतो, फार तर लॅटिन अमेरिकेपर्यंत, आशियाच्या आग्नेय टोकाला साखर पिकवणारी बेटे आहेत, याची तिला सहसा आठवण होत नाही.) येथे उपयोगी पडेल तो फिलिपाइन्सचा अनुभव, कारण पीक तेच आहे, श्रमाची रीत जवळजवळ तीच आहे, आणि मालकीची व्यवस्था मात्र पूर्णपणे वेगळी आहे.

फिलिपाइन्सच्या मध्यभागी पनाय आणि नेग्रोस ही दोन शेजारची बेटे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पनायमधील इलोइलो हे हातमागाच्या कापडाचे मोठे केंद्र होते. १८५६ साली निकोलस लोनी हा ब्रिटिश उपवाणिज्यदूत म्हणून तेथे आला. त्याच्या खटपटीने इंग्लंडचे स्वस्त गिरणी कापड इलोइलोत उतरू लागले आणि परतीच्या जहाजांना भरावयास माल हवा म्हणून नेग्रोसमध्ये उसाच्या लागवडीला भांडवल व यंत्रे मिळू लागली. स्थानिक विणकाम मोडले. इलोइलोतील मोलो, हारो येथील सधन घराण्यांनी नेग्रोसमध्ये जमिनी घेतल्या आणि ‘हासिएंदा’ उभ्या राहिल्या. विणकर गेले, मळेवाले आले. इचलकरंजीच्या मागांकडे आणि तिच्या भोवतीच्या उसाकडे एकाच वेळी पाहणाऱ्या वाचकाला ही हकीगत वेगळ्या अर्थाने बोलकी वाटेल, कारण तेथे माग आणि ऊस एकमेकांच्या शेजारी वाढले, नेग्रोसमध्ये एकाच्या मुळावर दुसरा आला.

नेग्रोसच्या उसाला तोडणीसाठी माणसे हवी होती. ती आली पनायच्या डोंगराळ, कोरडवाहू अशा आंतिके प्रांतातून आणि आसपासच्या भागांतून. त्यांना ‘साकादा’ म्हणतात. त्यांना आणणारा ‘कोन्त्रातिस्ता’, म्हणजे आपला मुकादम. हंगामाआधी घरी दिलेली आगाऊ रक्कम, ती फेडण्यासाठी केलेले श्रम, हिशेब मुकादमाच्या हाती, आणि हंगाम संपल्यावरचे रिकामे महिने, ज्यांना तेथे स्पॅनिश भाषेतील ‘तियेम्पो मुएर्तो’ म्हणजे मृत काळ असे नाव आहे. आंतिकेच्या जागी बालाघाटाच्या डोंगररांगा आणि नेग्रोसच्या जागी पंचगंगेचा काठ ठेवला, तर वर्णनात फारसा बदल करावा लागत नाही.

मालकीत मात्र अंतर आहे. ते गौण मानता येणार नाही. नेग्रोसची जमीन थोड्या घराण्यांच्या हाती राहिली. त्यांची साखर अमेरिकेच्या राखीव बाजारपेठेत सवलतीने जात असे. १९७४ साली तो करार संपला. मार्कोस राजवटीत साखरेचा व्यापार सत्ताधाऱ्यांच्या निकटवर्तीयांच्या मक्तेदारीत गेला आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यास जागतिक भाव कोसळले तेव्हा मळेवाल्यांनी लागवडच थांबवली. उसाखेरीज दुसरे काहीच न पिकवणाऱ्या सुपीक बेटावर मजुरांची मुले उपासमारीने मरू लागली. २० सप्टेंबर १९८५ रोजी एस्कालांते येथे निदर्शकांवर गोळीबार झाला व वीस जण मारले गेले. उलट महाराष्ट्रात १९५० साली प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी कारखाना उभा राहिला. पुढे रत्नाप्पा कुंभार, तात्यासाहेब कोरे यांच्यासारख्यांनी तोच मार्ग कोल्हापूर जिल्ह्यात आणला. एक सभासद, एक मत हे तत्त्व, एक-दोन एकरांच्या शेतकऱ्याला मिळालेला भाग, कारखान्यामागून आलेल्या शाळा, दवाखाने, उपसा सिंचन योजना या सर्वांनी शेतकरी समाजाला जो आत्मविश्वास दिला, तो नेग्रोसच्या कोणत्याही कुळाने अनुभवला नाही. मराठी ग्रामीण लेखक हा या आत्मविश्वासाचे अपत्य आहे.

आणि नेमका येथेच पेच आहे. सहकाराने मालकी वाटली, पण ऊस तोडणारा त्या वाटणीच्या बाहेर राहिला. तो सभासद नाही, कारण त्याची येथे जमीन नाही. तो कारखान्याचा कामगार नाही, कारण त्याचा करार मुकादमाशी आहे. हासिएंदाचा मालक साकादाला ओळखत नसे, तो कोन्त्रातिस्ताला ओळखत असे. सहकारी कारखान्याचे कागदपत्रही तसेच बोलतात. मालकीची दोन टोके असलेल्या दोन व्यवस्था श्रमिकाच्या बाबतीत एकाच कलमावर सही करतात. फरक एवढाच, की हासिएंदाबाबत अपराधी भावना बाळगणे फिलिपिनो लेखकाला सोपे होते. सहकाराबाबत ती बाळगणे मराठी लेखकाला अवघड गेले, कारण येथे मालक म्हणजे त्याचा बाप, चुलता किंवा तो स्वतःच होता.

फिलिपिनो कादंबरीच्या आरंभकाळात होसे रिसाल यांच्या दोन स्पॅनिश कादंबऱ्या महत्त्वाच्या ठरतात. ‘नोली मे तांगेरे’ (१८८७) आणि ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ (१८९१). रिसाल यांचे स्वतःचे कुटुंब कालांबा येथे धर्मगुरूंच्या संघाच्या जमिनीवरील सधन कूळ होते आणि १८९०च्या सुमारास खंडाच्या वादातून त्यांना तेथून बाहेर काढण्यात आले. दुसऱ्या कादंबरीतील काबेसांग तालेस या शेतकऱ्याची कथा या पार्श्वभूमीवर वाचावी लागते. तो रान साफ करून जमीन लागवडीस आणतो, त्या खटाटोपात तापाने त्याची बायको आणि थोरली मुलगी जातात. जमीन पिकू लागताच धर्मगुरू तिच्यावर हक्क सांगतात, खंड दरवर्षी चढत जातो, तो कोर्टात जातो, हरतो आणि अखेरीस दरोडेखोरांना मिळतो. धाकट्या मुलीला चाकरीस राहावे लागते. आणि तालेसचा म्हातारा बाप सेलो, या सगळ्याचा साक्षीदार, एके दिवशी मुका होतो. त्याला बोलायचे असते, पण तोंडातून शब्द फुटत नाही.

हा मुकेपणा केवळ कथानकातील एक करुण प्रसंग नव्हे. ज्या भाषेत कादंबरी लिहिली आहे, ती स्पॅनिश सेलोची भाषा नव्हती. लेखक त्याच्या वतीने बोलू शकतो, त्याच्या तोंडून बोलू शकत नाही, याची कबुलीच रिसाल यांनी कळत वा नकळत कथेत गोवली आहे. याच दशकात, १८८३ मध्ये, महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला गेला. धर्माधिकारी आणि परकीय सरकार यांच्या कचाट्यात सापडलेला शेतकरी हा दोघांचाही विषय. फुल्यांनी तो शेतकऱ्याच्या जवळच्या मराठीत मांडला आणि त्याला वैचारिक गद्याचे रूप दिले. रिसाल यांनी परभाषेत मांडला आणि त्याला कादंबरीचे रूप दिले. मराठीत पुढे जेव्हा शेतकरी कादंबरीत शिरला तेव्हा त्याच्याकडे बोली होती, आवाज होता. त्यामुळे ‘बोलू न शकणारा’ ही समस्या आपल्याला नाहीच, असा एक समज मराठी समीक्षेत दृढ झाला. बोली आली म्हणजे माणूस आला, हे समीकरण त्यातून तयार झाले.

आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’ या १९७१ सालच्या कादंबरीने हे समीकरण सर्वांत समर्थपणे सिद्ध केल्यासारखे वाटते. कोल्हापुरी बोलीत प्रथमपुरुषी निवेदन करणारा नारबा हा मळ्यावरचा गडी. घरदार, बायको, जमीन यांपैकी काहीही नसलेला. मळ्यातील जनावरे हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो, जनावरे एकेक करून जातात आणि त्या मळ्यात नारबाला जागा उरत नाही. या कादंबरीची समीक्षा झाली ती बहुतांशी यंत्रयुग विरुद्ध निसर्ग, बदलती शेती, बोलीचे सामर्थ्य या अंगांनी. हे वाचन चुकीचे नाही. परंतु नारबा हा मजूर आहे, ही गोष्ट त्या वाचनात एखाद्या तपशिलासारखी राहिली. त्याचे दुःख जनावरांशी तुटण्याचे आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्याला जनावरांखेरीज दुसरे कोणी का नव्हते, हा प्रश्न टळतो. कादंबरी हा प्रश्न टाळत नाही. तिच्या पानापानांत मालकाच्या घराचा उंबरा आणि गड्याची गोठ्यातली जागा यांतील अंतर आहे. टाळतो तो वाचक, आणि त्याला तसे शिकवते ती ‘ग्रामीण’ ही संज्ञा, जिच्या पोटात मालक आणि गडी हे दोघेही ‘खेड्यातली माणसं’ म्हणून सुखाने मावतात.

तरीही नारबा हा गावाचा गडी आहे, सालाने बांधलेला. मळ्यातले प्रत्येक झाड त्याच्या ओळखीचे आहे. कोप्यातल्या माणसाला ही ओळखही नाही. त्याच्यापुढे असलेला ऊस कोणाचा, हे त्याला पुष्कळदा चिठ्ठीवरून कळते आणि मोळ्या गाडीत चढल्या की तो फड त्याच्यापुरता संपतो. नारबाचे गाणे शक्य झाले ते जिव्हाळ्यातून. जेथे जिव्हाळ्याला अवधीच नाही, तेथे कादंबरीने काय करावे? मराठी ग्रामीण कादंबरीचे बळ आपुलकीत आहे आणि तिची मर्यादाही तेथेच आहे.

फ्रान्सिस्को सियोनिल होसे (१९२४–२०२२) यांच्या ‘रोसालेस’ मालिकेतील पाच इंग्रजी कादंबऱ्या येथे उपयोगी पडतात. या कादंबऱ्यांची भूमी नेग्रोसची नसून लुझोन बेटाच्या मध्य मैदानाची आहे, पीक उसाचे नसून मुख्यतः भाताचे आहे. परंतु जमीनदार, कारभारी आणि कूळ यांचे नाते तेच. कालक्रमाने पहिली असलेल्या ‘पो-ऑन’मध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तरेकडील इलोकोसमधून हाकलून दिलेले एक कुटुंब दक्षिणेकडे येते आणि नव्या रानात वस्ती करते. म्हणजे ज्या गावाची ही मालिका आहे, ते गावच मुळात स्थलांतरितांनी वसवलेले आहे. मराठी ग्रामीण कादंबरीत गाव सहसा आधीपासून असते. पांढरी कोणी वसवली हे आठवण्याची गरज कथेला पडत नाही.

या मालिकेतील ‘ट्री’ ही कादंबरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. तिचा निवेदक जमीनदाराच्या कारभाऱ्याचा मुलगा आहे. बाप वाईट माणूस नाही. तो नोकरांशी दयेने वागतो, अडीनडीला धान्य देतो, आणि तरीही कुळांच्या जमिनी मालकाच्या नावावर गेल्या त्या व्यवहारात त्याचा हात आहे. मुलाला बालपण आठवते ते घरातले नोकर, गडीमाणसे, कुळे यांच्या संगतीने. त्यांच्यापैकी प्रत्येकाची कथा तो सांगतो आणि प्रत्येक कथा एका ठिकाणी येऊन थांबते, कारण त्यापुढे त्या माणसाचे काय झाले हे कारभाऱ्याच्या ओसरीवरून दिसत नाही. कादंबरीला नाव देणारे झाड म्हणजे बालेते, वडापिंपळाच्या कुळातले. दुसऱ्या झाडाला वेलीसारखे वेढत मोठे होणारे आणि अखेरीस आधार देणाऱ्यालाच गिळणारे. गाव त्या झाडाला पूज्य मानते. होसे यांनी कुळाच्या मनात शिरल्याचा आव आणलेला नाही. आपण कोठून पाहत आहोत हे त्यांनी सांगितले आणि त्यामुळे जे दिसत नाही त्याचीही एक आकृती तयार झाली.

असे कबुलीचे निवेदन मराठी ग्रामीण कादंबरीत विरळा. याचे कारण लेखकाचा अप्रामाणिकपणा नव्हे, त्याचा इतिहास आहे. यादवांच्या ‘झोंबी’त (१९८७) कागलजवळच्या, दुसऱ्याच्या मालकीची जमीन कसणाऱ्या कुटुंबातील मुलगा शाळेसाठी बापाशी झुंजतो. बापाला राबणारे हात हवेत, मुलाला अक्षर हवे. कार्लोस बुलोसान यांच्या ‘अमेरिका इज इन द हार्ट’ (१९४६) या आत्मकथनपर कादंबरीत हीच झुंज उलट्या दिशेने घडते. पांगासिनान प्रांतातील बाप थोरल्या मुलाच्या शिक्षणासाठी जमिनीचा तुकडा तुकडा गमावतो आणि धाकटा मुलगा १९३० साली मजूर म्हणून अमेरिकेस जातो, तेथील शेतांत आणि मासळीच्या कारखान्यांत राबतो. यादवांचा नायक जमिनीपासून सुटण्यासाठी शिक्षण घेतो; बुलोसान यांच्या घरात शिक्षणानेच जमीन गिळली. शिक्षणाने सुटलेल्या मुलाला मागे वळून पाहताना गाव दिसतो, कारण तो तेथून निघाला आहे. मजूर म्हणून गेलेल्या मुलाला रस्ता दिसतो. एका कादंबरीचे एकक गाव आहे, दुसरीचे फड, तळ, आगगाडीचा डबा.

फिलिपाइन्सने पुढे हा रस्ता राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारला. १९७४च्या कामगार कायद्याने परदेशी नोकऱ्यांची व्यवस्था सरकारने हाती घेतली. आज देशाच्या उत्पन्नाचा आठ-नऊ टक्क्यांच्या आसपासचा भाग बाहेर गेलेल्यांनी पाठवलेल्या पैशातून येतो. कोराझॉन आकिनो यांनी १९८८ साली या स्थलांतरितांना ‘नवे वीर’ म्हटले. त्याच वर्षी त्यांच्या सरकारने जमीन सुधारणेचा कायदा केला आणि त्यांच्या स्वतःच्या घराण्याची लुइसिता ही ऊसमळ्याची जहागीर त्यातील पळवाटेने दीर्घकाळ अखंड राहिली. १६ नोव्हेंबर २००४ रोजी तेथील संपकऱ्यांवर गोळीबार होऊन सात जण ठार झाले. वाटपाचा न्यायालयीन निर्णय त्यानंतर कित्येक वर्षांनी आला. जमीन देता येत नाही तेथे विमानाचे तिकीट दिले जाते. मनीऑर्डरवर जगलेल्या कोकणाला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही. मात्र मुंबईस गेलेल्या कोकणी माणसाला नारायण सुर्वे, जयंत पवार यांच्यासारख्या लेखकांनी गिरणगावात शोधले, त्याला महानगरीय साहित्यात एक जागा मिळाली. बीडहून कोल्हापुरास आलेल्या माणसाला तीही नाही, कारण तो शहरात गेलेला नाही. तो एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात आला आहे, आणि अशा माणसासाठी मराठी समीक्षेजवळ शब्द नाही.

शब्द नाही, असे म्हणणे पूर्णतः खरे नव्हे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ सालच्या ‘गांव-गाडा’त ‘फिरस्ते’ हा शब्द वापरला आहे आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र विवेचन केले आहे. पण आत्र्यांची दृष्टी गावच्या कारभाऱ्याची. फिरस्ता हा त्यांच्या लेखी गावाच्या धान्यावर पडणारा भार, प्रसंगी गुन्ह्याचा संशयित. ग्रामीण साहित्याच्या सिद्धांतकारांनी ‘गांव-गाडा’तून बलुतेदारीचे चित्र उचलले आणि फिरस्त्यांचे प्रकरण बाजूस ठेवले. फिरस्त्याने स्वतः लिहिले ते १९८० साली, लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त, आणि तेव्हा प्रथमच मराठी गाव बाहेरून, पालाच्या तोंडातून दिसला. त्या पुस्तकाची नोंद मात्र दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांच्या कप्प्यात झाली. तेथे ते योग्यच होते. परंतु त्यामुळे ‘ग्रामीण’ या कप्प्याला त्याने हादरा देण्याची शक्यता संपली. ऊसतोड मजुरांत वंजारी आहेत, बंजारा आहेत, दलित आहेत, कोरडवाहू मराठा आणि धनगरही आहेत. जातीवर बेतलेल्या कोणत्याही एका कप्प्यात ते बसत नाहीत आणि गावावर बेतलेल्या कप्प्यात त्यांना प्रवेश नाही. आपल्या साहित्यप्रवाहांची विभागणी ही मुख्यतः जन्मस्थानांची विभागणी आहे. कामाने एकत्र आलेली माणसे तिच्यातून निसटतात.

बोलीचा प्रश्नही येथे वेगळा होतो. देशीवादी मांडणीने बोलीला जमिनीशी जोडले आणि प्रमाण मराठीच्या मिरासदारीविरुद्ध ते आवश्यकही होते. पण कोल्हापूरच्या फडात दोन बोली समोरासमोर येतात. एक बांधावर उभ्या असलेल्याची, दुसरी वाकून तोडणाऱ्याची. पहिली या मातीतली, म्हणून ‘देशी’. दुसरी मराठवाड्याची, म्हणून या मातीत परकी, कित्येकदा थट्टेचाही विषय. नेग्रोसमध्येही असेच घडते. मळ्याची भाषा हिलिगायनोन, आंतिकेच्या साकादाची किनाराय-आ. दोन्ही नात्यातल्या, पण दुसरीकडे पाहण्याची नजर डोंगरातल्या माणसाकडे पाहण्याची. प्रमाणभाषेविरुद्ध दाद मागणारी बोली शेजारच्या बोलीपुढे मालकाच्या स्वरात बोलू शकते, ही शक्यता आपल्या भाषाविचाराने गृहीतच धरलेली नाही. शंकर पाटील यांच्या ‘टारफुला’त सत्तेच्या बोलण्यातील बारकावे विलक्षण पकडले आहेत. दरारा कसा शब्दांत, कसा शब्द गिळण्यात असतो हे त्या कादंबरीइतके कोणी दाखवलेले नाही. ते सामर्थ्य पाटलाच्या चावडीवरून फडाच्या बांधावर आले असते, तर मराठी कादंबरीचा चेहरा वेगळा झाला असता.

चित्रपटाने एक पाऊल आधी टाकले, हे नमूद करावयास हवे. विजय तेंडुलकर यांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या सत्तरच्या दशकातील ‘सामना’त साखरसम्राटाच्या राज्यात मारुती कांबळे नावाचा माणूस नाहीसा झालेला आहे आणि सगळे कथानक त्याच्या नसण्याभोवती फिरते. तेंडुलकर हे गावचे लेखक नव्हते, कदाचित म्हणूनच त्यांना गावातील रिकामी जागा आधी दिसली. तेथेही विचारणारा मास्तर पांढरपेशा आहे आणि मारुती बोलत नाही. पण त्याच्याविषयीचा प्रश्न प्रेक्षकाच्या डोक्यात राहतो. रिसाल यांच्या मुक्या सेलोसारखा.

कोल्हापूर परिसरातील पुढच्या पिढीच्या लेखनात काही वेगळ्या दिशा दिसतात. राजन गवस यांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांत देवाच्या नावाने सोडलेल्या स्त्रीपुरुषांना मध्यभागी आणले. ही माणसे गावात राहतात, पण गावाच्या हिशेबात नसतात. त्यांच्याकडे पाहताना गवसांची भाषा आपुलकीच्या आहारी जात नाही. ‘तणकट’मध्ये तर गाव हे एकसंध असते हा भ्रमच मोडीत निघाला आहे. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला, धरणाने उठवलेल्या माणसांची ती कथा. मागे राहिलेल्या जनावराच्या शोधात माणूस बुडालेल्या गावाकडे परत जातो. येथे या परिसरातील कादंबरीला असे पात्र सापडले, ज्याचा गाव त्याच्या पायाखालून काढून घेतला आहे आणि ज्याला दुसऱ्याच्या शिवारात उपरे म्हणून राहायचे आहे. ‘गोतावळा’तील नारबा आणि ‘रिंगाण’मधील विस्थापित यांच्यात जनावर हा समान दुवा असला, तरी पहिल्यात मळा शिल्लक आहे, माणूस जातो, दुसऱ्यात माणूस शिल्लक आहे, गाव गेला. गाव गेल्यावरही कादंबरी उरते, हे खोतांनी दाखवले. त्याअर्थी, ज्यांना या मातीत गावच नव्हते त्यांच्याविषयी लिहिण्याची वाट आता बंद राहिलेली नाही.

या वाटेवरची अडचण कथानकाची आहे. ऊसतोड मजुराचा काळ सरळ पुढे जात नाही. तो हंगामाने मोजला जातो, आणि उचलीमुळे पुढचा हंगाम आधीच विकलेला असतो. ग्रामीण कादंबरीचे पिढ्यांचे कथानक, बाप, मुलगा, जमीन, वाटणी असे सरकणारे, त्याला लावता येत नाही. त्याच्याकडे वाटायला काही नाही. स्त्रीच्या बाबतीत हे आणखी कठीण होते. पहाटे तीनला उठून स्वयंपाक, मग फड, मोळ्या वाहणे, पुन्हा कोपी, आणि ‘कोयता’ या शब्दात तिचे निम्मे अस्तित्व नवऱ्याच्या नावे. बीड जिल्ह्यात खाडा टाळण्यासाठी गर्भाशय काढून घेणाऱ्या स्त्रियांची बातमी २०१९ साली देशभर गेली, शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. ती माहिती अहवालाच्या भाषेत आली, कारण दुसऱ्या कोणत्याही भाषेत ती आधी आलेली नव्हती. मराठवाड्यातील कथेत हे माणूस येते तेव्हा बहुधा घर सोडताना येते, गाडीत भांडीकुंडी आणि मागे म्हातारी. गाडी घाट उतरून गेली की कथा थांबते. ती गाडी जेथे पोचते तेथे कोल्हापूरची कथा सुरू व्हायला हवी होती. तेथे ती बांधावरच्या माणसाच्या उसाचा दर काय निघाला, या विवंचनेत असते. ती विवंचनाही खोटी नाही. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दरवर्षी ती हजारो कंठांतून बोलते. तोडणीचा दर मात्र तेथे शेतकऱ्याच्या बिलातील कपात म्हणून येतो, कोणाची मजुरी म्हणून नव्हे.